समाजशास्त्र : प्रारंभिक अभ्यास

माणसे ज्या संबंधांनी एकमेकांशी बांधलेली असतात ते संबंध, त्यांतून उभ्या राहणाऱ्या संस्था आणि त्यांत होणारे बदल यांचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे समाजशास्त्र. फ्रेंच विचारवंत ऑग्यूस्त काँत यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या शास्त्राला नाव दिले. कुटुंब, जात, लग्न हे सगळे आपल्याला ठाऊकच आहे, त्यात शिकायचे काय, असे नवशिक्याला वाटते आणि अभ्यास तिथेच अडतो.

यावर उत्तम उपाय म्हणजे घरातली एखादी जुनी लग्नपत्रिका समोर घेऊन बसणे. वर कुलदैवत, मग ‘ज्येष्ठ चिरंजीव’, नावाखाली बी. ई., मु. पो. आणि तालुका, खाली काका-मामांची ओळीने नावे, शेवटी ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ जन्माने मिळालेला तो अर्पित दर्जा; तो आडनावात आणि कुलदैवतात दिसतो. स्वतः मिळवलेला तो अर्जित दर्जा. तो पदवीत दिसतो. कोणाचे नाव आधी छापले यावरून रुसवेफुगवे झाले, की कुठेही न लिहिलेले सामाजिक प्रमाणक, म्हणजे कसे वागावे याविषयी समाजाने धरलेला नियम, मोडले गेले असे समजावे. व्याख्या पाठ करण्याआधी हे पाहिलेले असले, तर व्याख्या कायमची लक्षात राहते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूरकेम यांनी १८९७ मध्ये आत्महत्येवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतक्या खाजगी कृतीचेही प्रमाण धर्मसमूह आणि वैवाहिक स्थिती यांनुसार बदलते, हे त्यांनी आकडेवारीने मांडले.

मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्र विभाग सुरू झाला. पुढे मालवणचे गो. स. घुर्ये यांनी तो दीर्घकाळ सांभाळला. एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई आणि इरावती कर्वे हे त्यांचेच विद्यार्थी.

कर्वे यांचा भारतातील आप्तसंबंधांवरील ग्रंथ १९५३ चा. नात्यांच्या शब्दांकडे कसे पाहावे हे नवशिक्याने त्यांच्याकडून शिकावे. मराठीत आत्या, मावशी, काकू, मामी असे चार वेगळे शब्द आहेत, कारण त्या चौघींशी वागण्याची रीतही वेगळी. पूर्वी सून सासूला ‘आत्याबाई’ म्हणे. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल होती. अशा लग्नात नवरीची सासू ही तिच्या वडिलांची बहीण, म्हणजे खरोखरच आत्या असे. जिथे तसे नाते नव्हते त्या घरांतही हाक तीच राहिली.