अकरा महिन्यांचा भाडेकरार नोंदवावा लागत नाही?

‘करार अकरा महिन्यांचा केला की नोंदणीची गरज नाही, नोटरी पुरेशी’, हा सल्ला महाराष्ट्रात वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो हवेतून आलेला नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे आहे. त्यातूनच अकरा महिन्यांचा रिवाज पडला आणि अनेक राज्यांत तो रुळला.

महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५५ लागू होते. घर भाड्याने द्या किंवा लिव्ह अँड लायसन्सवर (म्हणजे ठरावीक काळ नुसत्या राहण्याच्या परवानगीवर), करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. मुदतीची सूट त्यात नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

याच कलमातला एक भाग फारसा कुणी सांगत नाही, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नोंदणीकृत करार नसेल, तर अटी व शर्तींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे दुसऱ्या बाजूने सिद्ध करावे लागते. भाडे पंधरा हजार ठरले होते की बारा, यावर वाद झाला तर नोटरीच्या शिक्क्यावर विसंबणारा मालक इथेच अडकतो.

आपला करार काढून पाहा. नोंदणी झाली असेल तर त्यावर दुय्यम निबंधक कार्यालयाचा दस्त क्रमांक आणि नोंदणीची तारीख असते. नुसता नोटरीचा लाल शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.