हत्तीपायाची सूज ओसरत का नाही?

रात्री दहानंतर नागपुरातल्या एखाद्या वस्तीत आरोग्य खात्याची माणसं दार वाजवतात आणि बोटातून रक्ताचा थेंब मागतात. झोपमोड झालेले लोक वैतागणारच. पण हत्तीरोगाच्या कृमींची पिल्लं दिवसा फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि हा रोग पसरवणारे क्युलेक्स डास चावायच्या वेळेला कातडीजवळच्या रक्तात येतात. दिवसा सुई टोचून काही सापडत नाही.

प्रौढ कृमी मात्र रक्तात नसतात. त्यांचं बिऱ्हाड लसीकावाहिन्यांत, म्हणजे पेशींभोवती झिरपलेलं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत असतं, वर्षानुवर्षं. म्हणूनच शरीरातला दाह (प्रतिकार करताना येणारी लाली, सूज, आग) मुक्काम कसा ठोकतो, हे या आजारात जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

रक्तवाहिन्यांतून पाणी आणि प्रथिनं सतत पेशींभोवती झिरपत असतात. जे आपणहून रक्तात परतत नाही, म्हणजे रोजचं साधारण 3 लिटर, ते लसीकावाहिन्या उचलतात, ग्रंथींमधून गाळून नेतात आणि मानेच्या मुळाशी मोठ्या शिरेत सोडतात. या रस्त्यावर हृदय नाही. वाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू ठेक्यात आकुंचन पावतात, आतल्या झडपा द्रव मागे येऊ देत नाहीत, आणि चालताना पोटरीचा दाब मिळतो तो वेगळा.

प्रतिकारशक्तीचा निरोपही याच वाटेनं जातो. पायात काटा मोडला की तिथल्या पेशी जंतूंचे तुकडे घेऊन जांघेतल्या ग्रंथीकडे निघतात. ग्रंथीत लिम्फोसाइट पेशींची फौज वाढू लागते. जांघेत अवधाण येतं ते यामुळेच. लढाई संपल्यावर उरलेल्या पेशी आणि दाहाची रसायनंही इथूनच बाहेर पडतात. दाह पेटवण्याबद्दल आपण फार बोलतो. तो विझायला हा निचरा किती लागतो, याबद्दल फारच कमी.

आता वाहिनीत कृमी आहे. जिवंत असेपर्यंत तो यजमानाची प्रतिकारशक्ती चलाखीनं गप्प ठेवतो, तरी वाहिन्या फुगत जातात आणि झडपा निकामी होतात. तो मेला की त्याच्या शरीरातले वोल्बॅकिया जीवाणू मोकळे होतात आणि दाह भडकतो. जमलेल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात. एरवी हाच वायू अगदी थोड्या प्रमाणात वाहिनीचा ठेका सांभाळतो. त्याचा पूर आला की ठेकाच बुडतो. द्रव तुंबतो, दाह वाढतो, वाहिनी आणखी ढिली पडते.

सुरुवातीला नडगीवर अंगठा दाबला तर खळगा पडतो. काही वर्षांनी पडत नाही, कारण तिथे आता पाण्याऐवजी चरबी आणि निबर तंतू साठलेले असतात. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरता आली नाही, तर ही द्रव तुंबल्याची सूज आहे हे डॉक्टर लगेच ओळखतात. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या ग्रंथी काढाव्या लागल्या, तर काही जणींचा हात असाच सुजतो. तिथे कृमीचा संबंध नसतो.

असा पाय जंतूंना सोपा सापडतो. बोटांच्या बेचक्यातल्या भेगेतून ते शिरतात, निरोप ग्रंथीपर्यंत धड पोचत नाही, थंडी वाजून ताप येतो, पाय लालबुंद होतो. अशा प्रत्येक तापात आणखी वाहिन्या खराब होतात. म्हणून रोज साबणाच्या पाण्यानं पाय धुणं, बेचकी कोरडी करणं, घोटा हलवत राहणं आणि बसताना पाय उंच ठेवणं, यानं तापाच्या खेपा खरोखर कमी होतात. हल्ली ‘लिम्फ डिटॉक्स’ म्हणजे लसीका ‘साफ’ करणारा मसाज विकला जातो. निरोगी माणसाला त्याऐवजी अंबाझरी तलावाला एक फेरी पुरे.

2018-19 मध्ये सगळ्या वस्तीला गोळ्या देणाऱ्या सामुदायिक मोहिमेत कृमींवरची तीन औषधं एकत्र द्यायला देशात ज्या मोजक्या जिल्ह्यांपासून सुरुवात झाली, त्यांत नागपूर होतं: आयव्हरमेक्टिन, डीईसी (डायइथिलकार्बामाझिन) आणि अल्बेंडाझोल. ‘मला काय झालंय?’ म्हणत पुष्कळ जण गोळ्या खिशात टाकतात. पाय सुजण्याच्या कितीतरी आधीच वाहिन्या फुगलेल्या असू शकतात. आणि गोळ्या घेतल्यावर ताप आला, डोकं दुखलं, तर ते बहुधा रक्तातली पिल्लं मरत असल्याचं लक्षण असतं.