बेतणी घरात कशी आली: घरी शिवलेल्या ड्रेसमागचा इतिहास

घरी ड्रेस शिवण्याचा इतिहास बहुतेक वेळा शिलाई मशीनपासून सांगितला जातो, आणि त्यामुळे मुख्य गोष्ट मागे राहते. टाका घालण्याचे कौशल्य माणसाकडे फार पूर्वीपासून आहे. नेढे असलेल्या, हाडाच्या सुया सुमारे 40,000 वर्षांपूर्वीच्या सापडल्या आहेत. घरात नव्हती ती बेतणी, म्हणजे सपाट कापडातून गोलाईच्या शरीराला बसणारे तुकडे कसे कापायचे याचे ज्ञान. हे ज्ञान, पुरेशा पन्ह्याचे, म्हणजे रुंदीचे, परवडणारे कापड, मशीनवर न तुटणारा दोरा आणि ड्रेस अंगावर बंद करणारी बटणे, हूक व चेन या गोष्टी वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या कारणांनी सामान्य ग्राहकाच्या हाती आल्या. म्हणून या विषयाची पार्श्वभूमी खरेदीच्या यादीच्या अंगाने पाहणे अधिक योग्य ठरते.

युरोपात बेतणी हा शिंप्यांच्या व्यवसाय-संघांचा राखीव प्रांत होता. हुआन दे आल्सेगा या स्पॅनिश शिंप्याने 1580 मध्ये माद्रिदला छापलेल्या पुस्तकात निरनिराळ्या कपड्यांचे भाग कापडावर कसे मांडावेत याच्या आकृत्या दिल्या, पण त्या व्यवसायातल्या माणसांसाठी होत्या आणि त्यांचा भर कापड कमीत कमी वाया कसे जाईल यावर होता, कारण त्या काळी कपड्याच्या किमतीत शिलाईपेक्षा कापडाचाच वाटा कितीतरी मोठा असे. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईने 1675 मध्ये शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांच्या स्वतंत्र संघाला मान्यता दिली, तेव्हा कुठे स्त्रियांचे कपडे शिवून देण्याचा अधिकार त्यांना मिळाला. तरीही दरबारी पोशाखाची ताठ चोळी आणि मागे लोळणारा घोळ शिंप्यांकडेच राहिला. घरांमध्ये शिवले जात ते आतले कपडे, सदरे, चादरी आणि लहान मुलांचे झगे. त्यांची रचना चौकोन, आयत आणि त्रिकोणी कळ्यांची असे, त्यामुळे एक धागा ओढून त्या रेषेवर सरळ कापले तरी काम भागे आणि चिंधीही फारशी उरत नसे.

मापाची रीतही आकड्यांची नव्हती. शिंपी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची किंवा चर्मपत्राची एक पट्टी ठेवी आणि छाती, कंबर, बाही यांच्या जागी तिच्यावर खाचा पाडी. इंचांच्या खुणा असलेली मापपट्टी शिंप्यांच्या वापरात रुळली ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि त्यानंतरच एका अंगाचे माप लिहून ठेवण्यासारखे व दूरच्या माणसाला कळवण्यासारखे झाले. पुढे जे घडले त्याचा पाया या साध्या पट्टीने घातला, असे माझे मत आहे. शिलाई मशीनला मिळणाऱ्या श्रेयाचा थोडासाही वाटा तिच्या पदरात पडत नाही.

घरी शिवण्याजोगे कापड म्हणजे धुता येणारे, हाताळायला सोपे आणि कापताना चूक झाली तरी फार मोठे नुकसान न करणारे कापड. सुती छापील कापडात हे तिन्ही गुण होते. सतराव्या शतकात भारतातून गेलेल्या छिटांना युरोपात एवढी मागणी आली की लोकर व रेशीम विणणाऱ्यांच्या दबावामुळे फ्रान्सने 1686 मध्ये, तर इंग्लंडने 1700 आणि 1721 च्या कायद्यांनी त्यांच्यावर निर्बंध घातले. फ्रान्समधील बंदी 1759 मध्ये आणि इंग्लंडमधील 1774 मध्ये उठली, आणि पुढे सूतकताईची यंत्रे, फिरत्या रोलरवरची छपाई व यंत्रमाग यांनी हे कापड झपाट्याने स्वस्त केले. या स्वस्ताईमागे अमेरिकेतल्या गुलामांनी पिकवलेला आणि वेचलेला कापूस होता, हे वगळून हा इतिहास लिहिता येत नाही.

पन्ह्याचा मुद्दा लहान वाटतो, पण बेतणीचा सारा हिशेब त्याच्यावर चालतो. हातमागावर धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारे साधन, एका हातातून दुसऱ्या हातात फेकावा लागे, त्यामुळे एकट्या विणकराचे हात जेवढे पोहोचतील तेवढाच पन्हा निघे. जॉन के याच्या 1733 मधील धावत्या धोट्याने ती मर्यादा सैल केली आणि यंत्रमागांनी पुढे 36, 45 आणि 60 इंच असे पन्हे बाजारात आणले. एकाच ड्रेसला अरुंद पन्ह्यात जास्त आणि रुंद पन्ह्यात कमी कापड लागते, शिवाय घेराच्या स्कर्टचा अख्खा भाग जोड न देता बसेल की नाही हेही पन्ह्यावरच ठरते.

सुई, टाचणी आणि दोरा यांचे औद्योगिकीकरण मशीनच्या आधीच सुरू झाले होते. अॅडम स्मिथने 1776 मध्ये श्रमविभागणी समजावून सांगताना टाचणीच्याच कारखान्याचे उदाहरण घेतले: दहा माणसे कामे वाटून घेऊन दिवसाला 48,000 टाचण्या बनवत. सुती दोऱ्याची कहाणी त्याहून रोचक आहे. शिवण्यासाठी पूर्वी मुख्यतः लिननचा किंवा रेशमाचा दोरा वापरत. नेपोलियनच्या काळातल्या नाकेबंदीमुळे रेशीम दुर्मीळ झाले, तेव्हा स्कॉटलंडमधील पेस्ली येथे शालींच्या मागांना लागणाऱ्या रेशमी दोऱ्याला पर्याय म्हणून क्लार्क कुटुंबाने सुताचा गुळगुळीत आणि मजबूत दोरा तयार केला. तो शिवणालाही उत्तम चालतो हे लक्षात आल्यावर 1812 मध्ये त्याचा कारखाना उभा राहिला. शिलाई मशीन आल्यावर मात्र जुना तीन पदरी दोरा पुरेना, आणि 1860 च्या दशकात खास मशीनसाठी पिळलेला सहा पदरी दोरा बाजारात आला.

मशीनचा इतिहास सर्वांत जास्त सांगितला गेलेला असल्याने येथे तो थोडक्यात पुरे. फ्रान्सच्या बार्थेलेमी तिमोनिएला 1830 मध्ये पेटंट मिळाले आणि पुढच्याच वर्षी पोटावर पाय येईल या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी त्याची यंत्रे फोडली. अमेरिकेत एलायस हाऊ याने 1846 मध्ये दोन दोऱ्यांच्या अडकत्या टाक्याचे आणि आयझॅक सिंगर याने 1851 मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. पेटंटांवरून झालेले खटले 1856 मध्ये प्रमुख उत्पादकांनी हक्क एकत्र करून मिटवले, आणि त्याच सुमारास सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने हप्त्यांवर विक्री सुरू केल्यामुळे मशीन मध्यमवर्गीय घरांत पोहोचले. त्या काळी एका मशीन कंपनीने प्रसिद्ध केलेल्या तुलनेनुसार साधा सुती ड्रेस हाताने शिवायला 6 तास 37 मिनिटे, तर मशीनवर 57 मिनिटे लागत. विक्रेत्याचेच आकडे असल्याने ते सावधपणे घ्यावे लागतात, पण लांब शिवणींचा वेग अनेक पटींनी वाढला यात शंका नाही. कात्री नेमकी कुठे चालवायची, हा प्रश्न मात्र मशीनने सोडवला नाही.

तो प्रश्न सोडवला कागदाने. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्त्रियांच्या मासिकांतून ड्रेसच्या भागांच्या लहान आकृत्या छापून येत, त्या वाचकाने स्वतः मोठ्या करायच्या आणि आपल्या अंगाप्रमाणे जुळवायच्या असत. ज्याला बेतणी आधीच येते त्यालाच ते जमे. एलेन कर्टिस डेमोरेस्ट यांनी 1860 च्या सुमारास पतीबरोबर मासिक आणि पूर्ण आकाराचे कागदी पॅटर्न, म्हणजे कापडावर ठेवून कापायचे नमुने, यांची जोड घालून मोठा व्यवसाय उभारला. त्यानंतर 1863 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या स्टर्लिंग गावातल्या एबेनेझर बटरिक या शिंप्याने निर्णायक पाऊल टाकले: त्याने एकच नमुना वेगवेगळ्या मापांत विकायला काढला. सुरुवात पुरुषांच्या आणि मुलांच्या कपड्यांनी झाली आणि काही वर्षांतच स्त्रियांचे ड्रेस हाच त्या धंद्याचा कणा बनला. मूळ नमुन्यावरून लहानमोठी मापे काढणे हे शिंप्याचे जपलेले ज्ञान होते. ते पातळ कागदावर घडी घालून टपालाने कुठेही जाऊ लागले, ही या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना आहे असे मी मानतो.

हे पॅटर्न वापरणे सोपे नव्हते. कागदावर काहीही छापलेले नसे. गोल आणि चौकोनी छिद्रे व कडेच्या खाचा यांवरून टक्स (कापड अंगासरसे बसवणाऱ्या शिवलेल्या घड्या) कुठे घ्यायचे, चुण्या कुठून कुठपर्यंत घालायच्या, उभा धागा कोणत्या दिशेला ठेवायचा हे ओळखावे लागे, आणि सूचना पाकिटावरच्या चार ओळींत आटोपलेल्या असत. पहिल्या महायुद्धानंतर मॅककॉल कंपनीने कागदावर रेषा आणि सूचना छापायला सुरुवात केली. त्या काळात पाकिटात चित्रांसह कृतीचा वेगळा कागदही येऊ लागला, आणि अनुभव नसलेल्या व्यक्तीला पहिल्यांदाच ड्रेस पूर्ण करण्याची खरी शक्यता निर्माण झाली. पाकिटाच्या मागच्या बाजूचा तक्ता खरेदीसाठी तितकाच महत्त्वाचा ठरला. प्रत्येक मापाला कोणत्या पन्ह्यात किती वार कापड लागेल, अस्तर किती, कॅनव्हास किती, चेन किती इंचांची, बटणे किती आणि कोणत्या आकाराची, हे सारे त्यावर असे. दुकानातल्या माणसाच्या अंदाजावर अवलंबून न राहता ग्राहक स्वतःची यादी घेऊन जाऊ लागला, आणि कापड, पॅटर्न व शिलाईचे सामान एकाच मजल्यावर मांडणे मोठ्या दुकानांना फायद्याचे वाटू लागले.

त्या सामानातल्या काही वस्तू आपल्याला वाटतात त्यापेक्षा बऱ्याच नव्या आहेत. थॉमस हॅनकॉकने रबराच्या पट्ट्या कपड्यांत वापरण्याचे पेटंट 1820 मध्ये घेतले, तेथून इलॅस्टिकची सुरुवात होते. टिच बटणाचे जर्मन पेटंट 1885 चे आहे. चेनची कल्पना व्हिटकॉम्ब जडसन याने 1893 मध्ये मांडली, पण ती भरवशाने चालेल अशी रचना गिडियन सुंडबॅक याने 1913 च्या सुमारास केली. सुरुवातीला ती बूट आणि पिशव्यांवर दिसे, आणि ड्रेसच्या कुशीत किंवा पाठीवर ती सर्रास लागायला 1930 चे दशक उजाडले. त्याआधी अंगाबरोबरचा ड्रेस बंद करायचा म्हणजे हुकांची किंवा बटणांची लांबलचक रांग हाताने लावणे, आणि कित्येकदा ड्रेसच्या बाकी शिवणकामाइतकाच वेळ त्यात जात असे. घरी शिवणाऱ्यांचे खरे कष्ट चेनने वाचवले.

आजही नवशिक्यांचा सर्वांत जास्त गोंधळ उडतो तो मापांच्या क्रमांकांवरून, आणि त्यामागेही इतिहास आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1939-40 मध्ये सुमारे 15,000 स्त्रियांची प्रत्येकी 59 मापे घेतली. त्या माहितीच्या आधारे 1958 मध्ये तयार कपड्यांसाठी मापांचे मानक जाहीर झाले, परंतु ते पाळणे सक्तीचे नव्हते. पुढच्या दशकांत तयार कपड्यांचे उत्पादक ग्राहकाला खूश करण्यासाठी त्याच क्रमांकाचा कपडा हळूहळू मोठा करत गेले, तर पॅटर्न कंपन्यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस ठरवलेली मापे बरीचशी तशीच ठेवली. त्यामुळे दुकानातला क्रमांक डोळ्यांसमोर ठेवून पॅटर्न निवडणाऱ्याचा ड्रेस घट्ट होतो. छाती, कंबर आणि नितंब यांची इंचांतली मापे पाहूनच पाकीट निवडावे लागते.

टंचाईच्या काळात घरचे शिवणकाम किती आवश्यक होते हे दुसऱ्या महायुद्धात दिसले. ब्रिटनमध्ये 1 जून 1941 रोजी कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले आणि ते मार्च 1949 पर्यंत चालले. पहिल्या वर्षी प्रत्येक प्रौढाला 66 कूपन मिळाली. लोकरीच्या ड्रेसला 11, तर सुती किंवा रेयॉनच्या ड्रेसला 7 कूपन लागत. कापडालाही वारावर कूपन होती, मात्र शिवणाचा दोरा, रफूची लोकर, इलॅस्टिक, लेस आणि अरुंद फिती यांना ती लागत नसत. जुन्या कपड्याला नवे रूप देण्यासाठी जे लागते तेवढे सरकारने विचारपूर्वक मोकळे ठेवले होते. अमेरिकेत मंदीच्या आणि युद्धाच्या वर्षांत पिठाच्या व पशुखाद्याच्या सुती गोण्यांपासून ड्रेस शिवले जात, आणि हे कळल्यावर गिरण्यांनी गोण्यांवर फुलापानांची नक्षी छापायला व धुतल्यावर निघून जाईल अशा शाईने नाव टाकायला सुरुवात केली. जर्मनीत एने बुर्डा यांनी 1950 मध्ये सुरू केलेल्या मासिकात काही काळाने पूर्ण मापाचे पॅटर्न येऊ लागले. कागद वाचवण्यासाठी एकाच तावावर अनेक कपड्यांच्या रेषा एकमेकींवरून जातात, हवी ती रेषा गिरवून घ्यावी लागते आणि शिलाईची माया, म्हणजे शिवणीबाहेरचे जादा कापड, स्वतः सोडावी लागते. ही पद्धत किचकट खरी, पण एका अंकात डझनावारी नमुने मिळत, आणि त्याच्या रशियन आवृत्तीने 1987 पासून सोव्हिएत संघातही घरच्या शिवणकामाला मोठा आधार दिला.

पॉलिएस्टरचा शोध 1941 चा. युद्धानंतर त्याने कापडाच्या दुकानांचे रूप पालटले आणि सुरकुत्या न पडणारे, रंग न जाणारे कापड सर्वत्र आले. ताणल्या जाणाऱ्या होजियरी कापडासाठी गोल टोकाची सुई, झिगझॅग टाका आणि पुढे कापडाची कड शिवून बंद करणारे घरगुती ओव्हरलॉक मशीन आवश्यक झाले. याच काळात तयार कपड्यांचे उत्पादन कमी मजुरीच्या देशांत सरकत गेले, आणि घरी शिवण्यामागचे बचतीचे कारण 1970 आणि 1980 च्या दशकांत जवळपास संपले. कापडासाठीच तयार ड्रेसपेक्षा जास्त पैसे पडू लागले. पॅटर्न कंपन्या एकमेकींत विलीन होत गेल्या; बटरिक, मॅककॉल, व्होग आणि सिम्प्लिसिटी ही चारही जुनी नावे 2017 पर्यंत एकाच मालकाकडे आली होती. अमेरिकेतील जोअॅन या कापड व शिलाई-साहित्याच्या साखळीची शेवटची दुकाने मे 2025 मध्ये बंद झाली.

आता घरी शिवणारे लोक मनाजोगे बसणारे माप, आवडीचा रंग आणि टिकाऊपणा यांसाठी शिवतात, आणि त्यांचे बरेच पॅटर्न स्वतंत्र रचनाकारांकडून पीडीएफच्या रूपात येतात. कापड हाती घेऊन पडताळण्याची सोय कमी झाल्यामुळे विक्रेते दर चौरस मीटरचे वजन, ताण आणि पन्हा लिहून देतात. नमुन्याचा तुकडा मागवून तो आधी धुऊन, इस्त्री करून, दोन बोटांत धरून त्याचा पडाव, म्हणजे ते कसे लोंबते हे, पाहणे हाच अजून सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. पीडीएफची पाने घरी छापून कडा जुळवून चिकटवावी लागतात, आणि पहिल्या पानावर ठरावीक मापाचा एक चौकोन दिलेला असतो. तो पट्टीने मोजून बरोबर भरला नाही, तर छपाईचे प्रमाण चुकले आहे असे समजून कापडाला कात्री लावण्यापूर्वी सगळी पाने पुन्हा छापावी लागतात.