माळ्यावरचे ‘परग्रहवासी’

कोकणातल्या पडक्या घराच्या माळ्यावर एका टोळीने परग्रहावरची पिल्लं विकण्यासाठी डांबून ठेवली आहेत, असा मजकूर आणि सोबत एक व्हिडिओ वर्षानुवर्षं फिरतो. विज्ञानमालिकांत कैदी परग्रहवासीयांवर पैसा कमावणाऱ्या टोळ्या पाहिलेल्या असतात, त्यामुळे ते खरं वाटणं साहजिक आहे.

ती गव्हाणी घुबडाची पिल्लं असतात. पुरती पिसं फुटण्याआधी लांब पाय उघडे दिसतात, चेहरा पांढरा नि पत्त्यातल्या बदामासारखा, डोळे काळेभोर. घाबरली की माणसासारखी ताठ उभी राहतात. उंची कमीजास्त का? मादी दोन-तीन दिवसांच्या अंतराने अंडी घालते आणि पहिल्यापासूनच उबवते, म्हणून एकाच घरट्यात थोरली-धाकटी दिसतात. बघणाऱ्याला ते आईबाप नि मुलं वाटतात.

व्हिडिओ थांबवून चेहऱ्याच्या मधोमध बघा: खाली वळलेली चोच अर्धी पिसांत बुडालेली असते. मग पायाची चार नखं मोजा. आवाज चालू ठेवा. फुस्स असा लांब फूत्कार येतो, आणि तो ऐकूनच माणसं जास्त घाबरतात. जागा आपल्याच वाडीतली असेल तर खाली काळसर गोळे शोधा. काडीने फोडले की आत उंदराचे केस नि हाडं निघतात.

टोळीचा धोका मात्र खरा आहे, घुबडांना. अंधश्रद्धेपोटी त्यांची चोरटी विक्री होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. म्हणून घरट्याचा पत्ता फॉरवर्ड करू नका. साधारण दोन महिन्यांत पिल्लं उडू लागतात, तोवर माळा बंद ठेवा, पण त्यांची ये-जा करायची फट बुजवू नका.