छळ : कपटापासून यातनेपर्यंत

रावेर तालुक्याची हद्द ओलांडून बऱ्हाणपूरला गेले की एक शब्द अर्थ बदलतो. तिथे हिंदी बोलणारा माणूस 'मेरे साथ छल हुआ' असे म्हणतो, तेव्हा त्याला कोणीतरी फसवलेले असते. रावेरची लेक 'माझा छळ झाला' असे सांगते, तेव्हा तिला कोणीतरी दिवसेंदिवस जाचलेले असते. फारुकी सुलतानांच्या काळात बऱ्हाणपूर ही खानदेशाचीच राजधानी होती, त्यामुळे हा फरक खानदेशात फार जवळून दिसतो.

दोन्ही शब्दांचे मूळ संस्कृत 'छल' हेच असून त्याचा अर्थ कपट, बतावणी असा आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायातील 'द्यूतं छलयतामस्मि' या वचनात फसवणाऱ्यांमधले द्यूत ते मी, असे श्रीकृष्ण सांगतात. न्यायशास्त्राने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राने, तर छल ही वादातली लबाडी मानून तिचे तीन प्रकार सांगितले. त्यांतील वाक्छलाचे उदाहरण प्रसिद्ध आहे : 'हा मुलगा नवकंबल आहे' असे कोणी म्हटले, म्हणजे त्याच्याकडे नवे कांबळे आहे, तर प्रतिपक्षी 'नव' म्हणजे नऊ असा अर्थ धरून विचारतो, याच्याकडे नऊ कांबळी कुठे आहेत? यात कोणालाही इजा होत नाही, फक्त शब्द पिळला जातो.

मराठीत आल्यावर शब्दातील 'ल' चा 'ळ' झाला, जसे फल-फळ, बल-बळ. खानदेशातील बोली त्याही पुढे जातात. अहिराणीत आणि लेवा गणबोलीत 'ळ' च्या जागी 'य' येतो आणि डोळ्याचा 'डोया' होतो. 'छ' मात्र टिकला, आणि मला तो विशेष बोलका वाटतो. लोकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या झिजत आलेल्या मराठी शब्दांत 'छ' चा बहुधा 'स' झालेला आढळतो : हिंदीतील छुरी, छह, पूछना यांच्या जागी आपण सुरी, सहा, पुसणे म्हणतो. त्यावरून असे वाटते की 'छळ' वर संस्कृत उच्चाराचा धाक कायम राहिला असावा.

अर्थ बदलला तो कसा? कपट हे करणाऱ्याचे कृत्य आहे, यातना ही सोसणाऱ्याची अवस्था आहे. मराठीने शब्द पहिल्याकडून काढून दुसऱ्याच्या हाती दिला. षष्ठी विभक्ती पाहिली की हे स्पष्ट होते. 'शकुनीचे कपट' म्हटले की कपट करणारा शकुनी असतो, पण 'सुनेचा छळ' म्हटले की सून ही सोसणारी असते. कपटाची जुनी छटा 'छळकपट' या जोडशब्दात तेवढी उरली आहे.

'हाल' या शब्दाचा प्रवासही असाच झाला. अरबीत त्याचा अर्थ नुसती स्थिती, पण मराठीत 'हाल झाले' म्हणताच ती स्थिती वाईटच असते. 'जुलूम' मात्र अरबीतही अन्यायच होता.

छळाला आणखी एक अट आहे, ती काळाची. एका थपडेला आपण मारहाण म्हणतो, छळ म्हणत नाही. छळ होण्यासाठी तीच माणसे आणि तेच घर पुन्हा पुन्हा यावे लागते. 1983 मध्ये भारतीय दंड संहितेत आलेल्या कलम 498-अ ने विवाहितेला दिलेली क्रूर वागणूक हा गुन्हा ठरवला आणि त्या क्रूरतेत मानसिक इजेचाही समावेश केला. तेव्हापासून बातम्यांच्या मथळ्यांत मात्र कायद्याच्या 'क्रूरता' या शब्दापेक्षा 'विवाहितेचा छळ' हेच शब्द अधिक दिसतात, आणि माहेरी परतलेली लेकही आपले गाऱ्हाणे त्याच शब्दात मांडते.