मड-टेरेन टायर

चिखल, ओली चिकणमाती आणि दगडधोंड्यांची वाट यांसाठी बनवलेला, मोठ्या ठोकळ्यांचा व रुंद खाचांचा टायर. फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या चालवणारे त्याला नुसते ‘एमटी’ म्हणतात. पाहणाऱ्याची नजर ठोकळ्यांवर खिळते, पण चिखलात खरे काम त्यांच्यामधली मोकळी जागा करते. टायर निवडताना होणाऱ्या बऱ्याच चुकांचे मूळ इथेच आहे: लोक रबर मोजतात, पोकळी मोजत नाहीत.

रस्त्याच्या साध्या टायरची नक्षी नवी असताना साधारण ८ मिमी. खोल असते, मड-टेरेनची १४ ते १७ मिमी. युरोपात लागू असलेल्या नियमांत ‘व्यावसायिक ऑफ-रोड’ असा एक वर्ग आहे. मोटारी व हलक्या व्यापारी वाहनांच्या टायरला त्यात बसायचे तर नक्षी किमान ११ मिमी. खोल, पृष्ठभागात खाचांचा वाटा किमान ३५ टक्के आणि वेगाचे अक्षर ‘क्यू’ किंवा त्याखालचे, म्हणजे जास्तीत जास्त ताशी १६० किमी., असावे लागते. अशा टायरवर ‘पीओआर’ ही अक्षरे उमटवलेली असतात. एरवी ‘मड-टेरेन’ हे नाव कुठल्या टायरला द्यायचे हे उत्पादकच ठरवतो. त्यामुळे नावावर न जाता खाचेत बोट घालून बघणे बरे.

चिखलात काय घडते

मातीची पकड दोन गोष्टींवर अवलंबून असते: कणांचा एकमेकांना असलेला चिकटपणा आणि वजनाखाली त्यांच्यात निर्माण होणारे घर्षण. हे सूत्र अठराव्या शतकातले, फ्रेंच अभियंता कुलोंब याचे. विसाव्या शतकात पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते एम. जी. बेकर यांनी वाहन आणि जमीन यांच्या नात्याचे स्वतंत्र शास्त्र उभे केले, तेव्हा पाया हाच होता. कोरड्या वाळूत घर्षण प्रमुख असते. पाण्याने भरलेल्या चिकणमातीत घर्षण जवळपास नाहीसे होते आणि उरतो तो चिकटपणा. म्हणून अशा मातीत गाडीवर ओझे वाढवून पकड वाढत नाही, उलट चाक आणखी रुतते. फायदा होतो तो जास्तीत जास्त मातीला धरण्याचा.

मड-टेरेनचा ठोकळा मातीत घुसतो आणि दोन ठोकळ्यांमध्ये मातीचा एक गठ्ठा अडकतो. चाक जागीच घसरून फिरायचे तर हा गठ्ठा खालच्या मातीपासून कापला जायला हवा. तो कापला न जाता टिकतो तोवर गाडी पुढे जाते. पुढच्या फेऱ्यात मात्र खाच रिकामी असली पाहिजे. ती भरलेलीच राहिली तर टायरवर मातीचा गुळगुळीत लेप बसतो आणि महागडा मड-टेरेन व झिजून गोटा झालेला टायर यांत फरक उरत नाही. म्हणून चिखल पकडण्याइतकाच तो सोडता येणेही महत्त्वाचे. जाणकार याला ‘टायर स्वतःला साफ करतो’ असे म्हणतात.

ही सफाई वेगावर चालते. ८० सेंमी. व्यासाचे चाक ताशी १० किमी. वेगाने फिरत असेल तर कडेवरच्या मातीला बाहेर फेकणारा जोर तिच्या वजनाच्या जेमतेम दुप्पट असतो. तेच चाक ताशी ३० किमी. वेगाने फिरू लागले की तो जवळजवळ अठरापट होतो, कारण वेग तिप्पट झाला की जोर नऊपट होतो. चिखलात अडखळलेल्या गाडीचा चालक अ‍ॅक्सिलरेटर थोडा जास्त दाबतो आणि मागे मातीचे ढेपळे उडतात, ते यामुळे. तरी यालाही मर्यादा आहे. गाडी जागची हलत नसताना चाक भिरभिरवत ठेवले तर तेच ठोकळे फावड्यासारखे खणत जातात आणि गाडी थेट एक्सलवर टेकते.

नक्षी वाचणे

खाचेचा आडवा छेद पाहावा. तळाशी अरुंद आणि तोंडाशी रुंद होत जाणारी खाच माती सहज सोडते. उभ्या भिंतींची अरुंद खाच तिला धरून ठेवते. काही खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. ते दगड अडकून आत घुसू नयेत म्हणून असतात. माती सोडवण्यास त्यांची थोडीफार मदत होते, फार नाही. मधल्या खाचा सलग बाहेरपर्यंत, खांद्याकडे (तळ व भिंत जुळते त्या कडेकडे) निघतात की मध्येच ठोकळ्यांनी अडवल्या आहेत, हे बोटाने माग काढून बघता येते. चिखलाला बाहेर पडायला वाट नसेल तर खाच कितीही खोल असून उपयोग नाही.

ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा वेगळ्या कामाच्या. ओल्या डांबरावर आणि गुळगुळीत खडकावर ठोकळ्याची कड जितकी जास्त, तितकी पकड चांगली. चिरा ती कड वाढवतात. जुन्या घडणीच्या मड-टेरेनमध्ये त्या जवळजवळ नसत, आणि पावसात अशा टायरवर ब्रेक मारणे हा छातीत धस्स करणारा अनुभव असे. आता बहुतेक नक्ष्यांत थोड्या चिरा असतात. खांद्यावरून खाली, टायरच्या भिंतीवर उतरलेले ठोकळे चाकोरीत चालताना कामी येतात. खोल चाकोरीत टायर फक्त तळाने टेकत नाही, त्याच्या बाजूही मातीला घासतात. हवा कमी केली की भिंत फुगून हे ठोकळे आणखी खाली येतात.

ही खोल नक्षी मुळात शेतातून आली. १९३२ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने ट्रॅक्टरला फायरस्टोनचे कमी हवेचे रबरी टायर बसवले आणि लोखंडी चाकांचा काळ ओसरू लागला. दुसऱ्या महायुद्धातील जीपला ६.००-१६ मापाचे, दोन्ही दिशांना सारखेच चालणारे नक्षीदार टायर होते. लुइझियानातील इंटरको कंपनीच्या ‘सुपर स्वॉम्पर’ने टोकाच्या दलदलीसाठी नाव कमावले. रोजच्या वापराच्या गाडीला चालेल असा रेडियल मड-टेरेन रूढ करण्याचे श्रेय मात्र बीएफगुडरिच या टायर कंपनीकडे जाते: तिचा ऑल-टेरेन, म्हणजे डांबर व कच्ची वाट दोन्हींसाठीचा टायर १९७६ मध्ये आला आणि मड-टेरेन १९८० मध्ये.

निवड

पहिला प्रश्न कोणता मड-टेरेन घ्यावा हा नाही, तो लागतोच का हा आहे. वर्षातले बहुतेक किलोमीटर डांबरावर आणि मुरमाच्या रस्त्यावर होत असतील तर ऑल-टेरेन पुरतो. सुट्या वाळूत तर मड-टेरेन तोट्याचा ठरतो: तिथे वर तरंगायचे असते आणि हा टायर खणतो. टणक बर्फावरही कडक रबर व थोड्या चिरा यांमुळे तो कमी पडतो. भिंतीवरचे ‘एम + एस’ (मड व स्नो, म्हणजे चिखल व बर्फ) पाहून निर्धास्त होऊ नये. ते केवळ नक्षीच्या भूमितीवर दिले जाते. तीन शिखरांत हिमकणाचे चिन्ह असेल तरच बर्फावर चाचणी झालेली असते. ज्याची वाट खरोखर चिकणमातीतून जाते, किंवा धारदार दगडांत ज्याचे टायर वारंवार कापले जातात, त्याने मड-टेरेन घ्यावा. दिसायला दणकट म्हणून घेणारेही पुष्कळ असतात. त्यात गैर काही नाही, फक्त किंमत रोज रस्त्यावर मोजावी लागते.

रुंद की अरुंद, हा वाद कधी संपत नाही. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या चिखलाबद्दल बोलत असतात म्हणून तो संपत नाही. वरचा चिखल वीतभर आणि खाली कठीण जमीन असेल तर अरुंद, उंच टायर चिखल कापून तळाला पोचतो आणि तिथे पकड घेतो. तळच नसलेल्या दलदलीत मात्र वजन पसरवणारा रुंद टायर लागतो. रुंद टायर पुढचा चिखल नांगरासारखा ढकलत जातो, त्यामुळे इंजिनावर ताण येतो हेही लक्षात घ्यावे.

माप वाढवण्याआधी पाटीपेन्सिल घेऊन बसावे. मापातला पहिला आकडा रुंदी मिमी.मध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत सांगतो. २६५/६५ आर १७ चा व्यास सुमारे ७७६ मिमी., तर २६५/७० आर १७ चा सुमारे ८०३. व्यास २७ मिमी. वाढला, पण एक्सल त्याच्या निम्म्यानेच, म्हणजे १३ मिमी.ने उचलला जातो. बदल्यात काटा ताशी १०० दाखवील तेव्हा गाडी सुमारे १०३ने धावत असेल, गिअर जड वाटतील आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या आतून घासण्याची शक्यता वाढेल. सुटा टायर ठेवायच्या जागेत नवे माप मावते का, हे अनेकांना पहिल्या पंक्चरच्या वेळी कळते.

मग भार. मापाआधी ‘एलटी’ असलेला टायर हलक्या ट्रकांसाठी असतो. त्यात सी, डी, ई अशा भारश्रेणी असून त्यांची जुनी ओळख अनुक्रमे सहा, आठ आणि दहा प्लाय, म्हणजे थर, अशी आहे. आज प्रत्यक्षात तेवढे थर नसतात, तो ताकदीचा निर्देश आहे. ‘१२१/११८ क्यू’ म्हणजे एकेरी चाकावर १,४५० किलो, जोडचाकावर प्रत्येकी १,३२० किलो आणि वेग ताशी १६० किमी. ई श्रेणी घेतली की गाडी जास्त सुरक्षित, असे सरसकट समजले जाते. हलक्या गाडीवर हा टायर दगडासारखा वागतो: भिंत वाकत नाही, हवा कमी करूनही तळ पसरत नाही, आणि मूळ टायरइतका भार पेलायला मात्र त्यात जास्त हवा भरावी लागते. हलक्या गाडीला सी श्रेणी अनेकदा जास्त शोभते. भिंतीत थर किती, हे मात्र जरूर विचारावे. तळातले पंक्चर काढता येते. भिंतीवरच्या कापाला भरवशाचा इलाज नाही.

हवा

कुठल्याही नक्षीपेक्षा मोठा फरक हवेने पडतो आणि तो फुकट असतो. एका चाकावर ५०० किलो भार असेल तर ३५ पीएसआयला (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) टायर जमिनीला ढोबळमानाने २०० चौ. सेंमी. टेकतो, १८ पीएसआयला जवळपास ३९५. भिंतीचा ताठरपणा धरला तर प्रत्यक्ष आकडे जरा कमी येतात. हे क्षेत्र मुख्यतः लांबीत वाढते, रुंदीत कमी. रणगाड्याच्या पट्ट्याचाच हा लहान नमुना म्हणता येईल. साधारण १२ पीएसआयच्या खाली गेल्यास वळणावर टायरची कड रिमवरून सुटू शकते, ते टाळायला टायरची कड आवळून धरणारे बीडलॉक रिम लागतात. हवा कमी केल्यावर वेगही कमी ठेवायचा आणि डांबर लागताच पुन्हा भरायची. पंप बरोबर नसेल तर हवा सोडू नये.

पारख

टायर चांगला की वाईट, हे ठरवायचे तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते. तीच गाडी, तोच चिखल, तीच हवा. नव्या टायरवर सात पीएसआय कमी ठेवून ‘काय फरक पडला बघा’ म्हणणारे बरेच भेटतात. तो फरक हवेचा असतो. चिखलातून बाहेर आल्यावर दहाएक मीटर पुढे जाऊन थांबावे आणि उतरून टायर बघावा. खाचांचा तळ, काळे रबर, दिसत असेल तर टायर आपले काम करतोय. तपकिरी, सपाट पट्टा दिसला तर खाच या मातीसाठी अरुंद आहे. मधला भाग भरलेला आणि खांदे मोकळे, असे मिश्र चित्र सर्वांत जास्त वेळा दिसते.

ओल्या डांबराची परीक्षा रिकाम्या, सपाट जागी घ्यावी, कारण मड-टेरेनची खरी उणीव तिथेच उघडी पडते. रस्त्याला टेकणारे रबर कमी, ठोकळे उंच आणि ब्रेक लागताच लवणारे. त्यामुळे थांबण्याचे अंतर वाढते. आवाजाबाबत पहिल्या पाचशे किलोमीटरांतल्या मतांना फारसा अर्थ नाही. ठोकळ्यांची लांबी मुद्दाम कमीजास्त ठेवून उत्पादक आवाज एका सुरात येऊ देत नाहीत, म्हणून नवा टायर बऱ्यापैकी शांत असतो. पुढे ठोकळ्यांची एक कड दुसरीपेक्षा जास्त झिजते, खांदा करवतीसारखा दातेरी होतो आणि घुरघुर सुरू होते. हात पृष्ठभागावरून एकदा पुढे, एकदा मागे फिरवला की एका दिशेला तळवा अडतो. दर आठएक हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल केल्यास ही झीज लांबते. चारही चाके कायम जोडलेली असणाऱ्या गाडीत तर चारही टायरची खोली सारखी ठेवणे भागच असते, नाहीतर इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या गिअरांवर ताण येतो.

अनेक देशांत १.६ मिमी. नक्षी उरेपर्यंत टायर कायद्याने चालतो. चिखलापुरते त्याचे आयुष्य त्याआधीच संपते: १५ मिमी.चा ७ वर आला की खाचेत मावणारी माती निम्म्यावर येते आणि लेप लवकर बसतो. जुना टायर घेताना भिंतीवरचा चार आकडी तारीखक्रम वाचावा. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. मग ठोकळा अंगठ्याने बाजूला दाबून त्याच्या मुळाशी बघावे. केसासारख्या भेगा उघडल्या तर नक्षी कितीही शाबूत असो, टायर परत जागेवर ठेवून द्यावा.