जेरूसलेमची प्राच्यवादी निसर्गचित्रे

एकोणिसाव्या शतकात प्राच्यवादी, म्हणजे पूर्वेकडील देश हा विषय घेणाऱ्या, यूरोपीय व अमेरिकन चित्रकारांनी जेरूसलेम नगर व परिसर यांची काढलेली तैलचित्रे, जलरंगचित्रे आणि शिलामुद्रिते (शिळेवर चित्र काढून त्यावरून छापलेल्या प्रती). काही अभ्यासक या परंपरेचा आरंभ सतराव्या शतकातील प्रवासग्रंथांमधल्या नगरदृश्यांपर्यंत नेतात. तथापि प्रत्यक्ष जागेवरील रेखाटन, त्यावरून मुद्रण व वर्गणीदार ग्राहक ही साखळी डेव्हिड रॉबर्ट्सपासून (१७९६–१८६४) धरणे अधिक सयुक्तिक दिसते.

नाटकाचे पडदे रंगविण्यात हात बसलेला हा स्कॉटिश चित्रकार मार्च १८३९ च्या अखेरीस जेरूसलेमला पोहोचला. त्याची चित्रे लूई हाग याने शिळेवर उतरविली व ती लंडनमध्ये १८४२–४९ या काळात हप्त्याहप्त्याने निघाली. त्यांतील इमारतींची ठेवण बरीच भरवशाची आहे. कडे व दऱ्या मात्र उंच-खोल करून दाखविल्या आहेत.

या शिलामुद्रितांच्या साध्या प्रतींत काळ्या रेषेच्या शिळेवर फिकट रंगछटेची दुसरी शिळा छापत. उजेडाच्या जागी कोरा कागद राही. महागड्या प्रती हाताने रंगवून जाड कार्डावर डकवीत. पुढे विक्रेत्यांनी साध्या प्रतीही रंगविल्या, त्यामुळे रंग जुनाच असेल असे नाही. भिंगाखाली शिळेचा अनियमित कण दिसावा. ठिपक्यांची ठरावीक जाळी दिसल्यास प्रत आधुनिक छपाईची समजावी. १८५५–५६ ची आवृत्ती आकाराने लहान आहे. आम्लयुक्त पुठ्ठ्यामुळे कागद तपकिरी होतो. तो धुण्याचा मोह टाळावा, कारण हातरंग व त्यावरील डिंकाची चकाकी पाण्यात सुटते.

काळ ठरविताना घुमट उपयोगी पडतात. शिलाघुमट (डोम ऑफ द रॉक) या इस्लामी वास्तूवर तेव्हा शिशाचे पत्रे होते. सोनेरी आच्छादन १९६० च्या सुमाराचे. म्हणून झळझळीत सोनेरी घुमट असल्यास रंगकाम उशिराचे असण्याची शक्यता असते, अर्थात सूर्यप्रकाशाची छटा वगळून. हुर्वा सिनॅगॉगचा (ज्यू प्रार्थनामंदिराचा) घुमट १८६४ नंतरचा, तर रिडीमर चर्चचा मनोरा १८९८ चा. मनोरा नसणे हा पुरावा त्यामानाने दुबळा, कारण चित्रकार नको ते गाळीत.

नगराच्या पूर्वेस असलेल्या जैतुनांच्या डोंगरावरून (माउंट ऑफ ऑलिव्ह्ज) दिसणारी पूर्वेकडची बाजू सर्वाधिक रंगविली गेली. तिच्यावर सकाळचे ऊन थेट पडते. इंग्रज चित्रकार टॉमस सेडन याने १८५४ मध्ये दक्षिणेकडून नगर व डोंगर यांमधील किद्रोन दरीचे काटेकोर चित्र आरंभिले (टेट संग्रह, लंडन). इंग्रज चित्रकार व कवी एडवर्ड लिअर १८५८ मध्ये जेरूसलेमला आला. अमेरिकन चित्रकार फ्रेडरिक चर्च याचे १८७० चे जेरूसलेमचे भव्य तैलचित्र अमेरिकेतील कॅन्सस सिटीत आहे. जर्मन चित्रकार गुस्टाव्ह बाउअर्नफाइंड (१८४८–१९०४) जेरूसलेममध्येच वारला.